किडनी ‘धरली’, मग गोळ्या कधी बंद?

गगनबावडा भागातल्या एका शेतकऱ्यानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाला दीड वर्षापूर्वी आईची किडनी बसवली. क्रिएटिनिन (किडनी रक्त किती साफ करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.२ वर स्थिर आहे, लघवी भरपूर होते, भाऊ पुन्हा शेतात जायला लागलाय. आता तो म्हणतो, ‘किडनी धरलीया की, मग गोळ्या अजून किती दिस खायाच्या?’ घरच्यांनाही ते पटायला लागलंय. भाताचा तरवा उपटून चिखलात लावला की थोड्याच दिवसांत रोप धरतं. आंब्याचं कलम बांधलं की दोन-तीन महिन्यांत एकजीव होतं. त्यांना कुणी जन्मभर औषध पाजत नाही. त्यातून ही किडनी सख्ख्या आईची. मग ती परकी कशी, आणि गोळ्या जन्मभर का?

मी कोल्हापुरात किडनीविकारांचा डॉक्टर आहे. प्रत्यारोपणाआधीच्या तपासण्या आणि नंतरची वर्षानुवर्षांची देखरेख हे माझं रोजचं काम. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या या गोळ्या बंद होत नाहीत. पहिल्या वर्षात त्यांची मात्रा बरीच कमी होते, तुमच्या भावाची झालीही असेल. पण कमी होत होत एक दिवस शून्यावर येईल, असा हा प्रकार नाही. आणि मात्रा किती कमी करायची हे रक्तातली औषधाची पातळी, किडनीचे रिपोर्ट आणि आधी कधी रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, झालंय का, यावर ठरतं. तब्येत किती बरी वाटते यावर नाही.

तुमचा प्रश्न वरून शास्त्राचा वाटतो, पण मला खरी काळजी वेगळीच आहे. दीड-दोन वर्षांचा हा टप्पा फार फसवा असतो. पहिले सहा महिने माणूस भीतीनं घड्याळाकडे बघून गोळ्या घेतो. मग एकदा रात्रीची गोळी राहते, काही होत नाही. पाहुण्यांच्या लग्नात दोन दिवस राहते, तरी काही होत नाही. ‘गोळी घेतली नाही तरी चालतंय’ हा अनुभव डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा जास्त पटतो, कारण तो स्वतःचा असतो. म्हणून ‘गोळ्या कधी बंद करायच्या’ असं घरात कुणी बोलायला लागलं, की मी असं धरून चालतो की काही गोळ्या आधीच चुकायला लागल्यात. भावाला रागावू नका. फक्त गोळ्यांच्या पट्ट्या बघा. महिन्याच्या शेवटी किती उरायला हव्यात आणि किती उरल्यात, हा हिशेब कोणत्याही प्रश्नोत्तरापेक्षा खरं सांगतो.

आता शेताकडे येऊ. तुमचं उदाहरण मी उडवून लावणार नाही, कारण उत्तर त्यातच दडलेलं आहे.

भाताचं रोप तरव्यातून काढताना त्याची बारीक मुळं तुटतात. लावल्यावर काही दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं, मग नवी पांढरी मुळं फुटली की वर येतं. पण बघा, ते रोप अख्खंच्या अख्खं हललंय. मुळं त्याचीच, पानं त्याचीच. ते दुसऱ्या कुठल्या जिवाला जोडलेलं नाही. चिखल त्याला ‘तू कुठला’ म्हणून विचारत नाही. तिथं अडचण फक्त जखमेची आणि पाण्याची, आणि ती भरून निघते. आपल्याकडच्या उसाच्या रोप लागणीतही तेच.

कलमाचं गणित पुढचं आहे. खुंट रायवळ आंब्याचा, वरची काडी हापूसची. म्हणजे इथं खरोखर दोन वेगळे जीव जोडलेत. काप बरोबर बसला, साल आणि लाकूड यांच्यामधला तो ओलसर हिरवा थर एकमेकांना टेकला, पट्टी घट्ट बांधली, की दोन्हीकडच्या पेशी वाढून एकमेकांत मिसळतात आणि रस वर चढायला लागतो. औषध लागत नाही. कारण झाडाच्या प्रत्येक पेशीला स्वतःचा बचाव करता येतो, पण अंगभर फिरून ‘हा आपला, तो परका’ अशी झडती घेणारं फिरतं दळ झाडाकडे नसतं. नातं मात्र झाडालाही लागतंच. आंब्यावर फणसाचं कलम धरणार नाही. तासगावकडचे बागायतदार डॉगरिज खुंटावर द्राक्षाचं कलम करतात, तेही द्राक्षाच्याच कुळातलं म्हणून जमतं.

आणि कलमाबद्दल आणखी एक गोष्ट, जी बागवाल्याला माहीत असते पण आपण विसरतो. कलम ‘एकजीव’ होतं हे अर्धंच खरं. जोडाच्या खालून फुटवा आला आणि तो कुणी काढला नाही, तर त्याला रायवळच आंबे लागतील. झाड वीस वर्षांचं झालं तरी खालचं रायवळ आणि वरचं हापूस. दोघं शेजारी राहतात, एकमेकांना त्रास देत नाहीत, पण एक होत नाहीत. आईची किडनीही तुमच्या भावाच्या पोटात वीस वर्षं राहिली तरी तिची प्रत्येक पेशी आईचीच असणार आहे. फरक एवढाच की माणसाच्या शरीरात ते फिरतं दळ असतं. पांढऱ्या पेशी रक्तातून सतत फिरत असतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, त्यांना एचएलए म्हणतात. पांढऱ्या पेशी ती तपासतात, जुळली नाहीत की हल्ला करतात. जंतूंपासून आपण वाचतो ते याच व्यवस्थेमुळे. तिला किडनी आणि जंतू यातला फरक कळत नाही.

शरीर फक्त ‘परकं’ नाकारतं, ‘हलवलेलं’ नाकारत नाही, याचा दाखला आपल्या पुण्यातलाच आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याला एका देशी वैद्यानं त्याच्याच कपाळाची कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून खाली वळवली आणि तिचं नवं नाक केलं. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली आणि तिकडच्या शल्यचिकित्सकांनी ती पद्धत उचलली. त्या काळात प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नव्हतं, तरी नाक टिकलं. कारण कातडी त्याची स्वतःची होती.

दुसऱ्याची कातडी लावली तर काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेडावार या शास्त्रज्ञानं ग्लासगोत नीट बघितलं. भाजलेल्या एका तरुणीला तिच्या स्वतःच्या कातडीचे काही तुकडे लावले आणि काही तिच्या भावाच्या कातडीचे. स्वतःचे टिकले. भावाचे आधी धरल्यासारखे दिसले आणि मग गळून पडले. पुन्हा भावाचेच तुकडे लावले, तर ते पहिल्यापेक्षा लवकर गेले. म्हणजे शरीर नुसतं नाकारत नव्हतं, लक्षातही ठेवत होतं. या कामाच्या वाटेवरूनच मेडावारला १९६० चं नोबेल मिळालं. ‘आधी धरल्यासारखे दिसले’ एवढे शब्द भावाला वाचून दाखवा.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ ला अमेरिकेत बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलं. रोनाल्ड हेरिकनं त्याचा भाऊ रिचर्डला किडनी दिली. दोघं एकाच गर्भातून विभागलेली, तंतोतंत सारखी जुळी भावंडं. तसे ते खरंच आहेत का, याची खात्री करायला आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून बघितला होता. तो टिकला, मग पुढे गेले. रिचर्ड पुढची आठ वर्षं जगला, आणि त्याला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या लागल्या नाहीत. तुमच्या भावाला असा जुळा भाऊ असता आणि त्यानं किडनी दिली असती, तर तुमचं म्हणणं मी जवळजवळ मान्य केलं असतं. त्यानंतर बाकीच्या माणसांसाठी वाट उघडली ती औषधांनी. साठच्या दशकात अझाथायोप्रिन, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, नव्वदीत टॅक्रोलिमस. शस्त्रक्रियेचं कौशल्य १९५४ मध्येच होतं. अडलं होतं ते या गोळ्यांवाचून.

मग आईची किडनी? ‘माझ्याच रक्ताचा आहे डॉक्टर, परकं कसं म्हणता?’ हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलंय, आणि दरवेळी उत्तर देताना जीभ जड होते. मुलाला एचएलएचा अर्धा संच आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. म्हणजे आईच्या किडनीवरचा अर्धा संच तुमच्या भावाच्या ओळखीचा आहे आणि अर्धा त्यानं कधी बघितलेलाच नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याच्या लेखी आई जवळची नातेवाईक. पेशींच्या लेखी अर्धीच जवळची. सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता पूर्ण जुळण्याची, दोन अर्धं जुळण्याच्या, एक अजिबात न जुळण्याची. म्हणून ‘तुझी का माझी’ हे घरात बसून ठरत नाही, तपासणीतच कळतं. आजच्या औषधांमुळे बायकोनं नवऱ्याला दिलेली, काहीच न जुळणारी किडनीसुद्धा छान चालते. पण ती औषधं चालू आहेत म्हणून.

‘धरली’ हा समज कुठून येतो तेही सांगतो, कारण त्यात तुमची चूक नाही. शस्त्रक्रियेत दात्याची किडनी बर्फाच्या थंडाव्यातून बाहेर काढतात तेव्हा ती फिकट, राखाडी, मऊ असते. ओटीपोटाच्या एका बाजूला, बहुधा उजवीकडे, तिची धमनी आणि शीर जोडतात. रक्त अडवणारा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, काढला की काही क्षणांत ती गुलाबी होते, फुगून घट्ट होते, आणि जिवंत दात्याची किडनी असेल तर बऱ्याचदा तिथंच, टेबलावरच, मूत्रवाहिनीच्या टोकातून लघवीचे थेंब पडायला लागतात. बाहेर येऊन सर्जन सांगतात, ‘किडनी सुरू झाली.’ नातेवाईक ऐकतात, ‘धरली.’ दोन्ही खरं आहे, पण ते नळजोडणीपुरतं. पांढऱ्या पेशींशी तह तेव्हाही झालेला नसतो आणि दीड वर्षानंही झालेला नाही. दोन वेळच्या गोळ्यांनी त्यांना आवरून धरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ही किडनी जोडताना रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रवाहिनी जोडतात, नसा जोडत नाहीत. त्यामुळे आत हल्ला सुरू झाला तरी बहुतेक वेळा दुखत नाही. करवीर तालुक्यातला माझा एक रुग्ण, ऊसवाला, तिसऱ्या वर्षी नेहमीच्या तपासणीला बऱ्याच उशिरानं आला. पायावर थोडी सूज, बाकी तक्रार शून्य. मोटरसायकलवरून आला होता. क्रिएटिनिन ४ च्या वर गेलेलं. पिशवीतनं पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या तर रात्रीच्या टॅक्रोलिमसच्या निम्म्या पट्ट्या फोडलेल्याच नव्हत्या. ‘दिवसाची घेतोय की,’ म्हणाला. बायोप्सीत रिजेक्शन निघालं, आणि त्याच्या आईनं दिलेल्या किडनीवर नेम धरून तयार झालेल्या अँटिबॉडी रक्तात सापडल्या. इंजेक्शनं दिली, किडनीचा काही भाग वाचला, पण पहिल्यासारखी ती झाली नाही. क्रिएटिनिन १.२ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. क्रिएटिनिन वर सरकतं तेव्हा आत बरंच नुकसान आधीच झालेलं असतं. लघवीतून प्रथिन जायला लागणं हा कधी कधी त्याच्याही आधीचा इशारा असतो.

शेतात एखादं रोप मेलं तर तुम्ही नांग्या भरता. तिथं तसं दुसरं रोप लावता, आणि जमिनीला त्याचं काही वाटत नाही. किडनीच्या बाबतीत ते जमत नाही, हा मला तुमच्या उदाहरणातला सगळ्यात मोठा फरक वाटतो. मेडावारनं बघितलेली ती आठवण इथं आडवी येते. एकदा अँटिबॉडी तयार झाल्या की त्या फक्त आईच्या किडनीलाच ओळखत नाहीत. तसलाच एचएलए असणारी कुणाचीही किडनी आली तर तिलाही ओळखतात. मग पुढचा दाता जुळणं अवघड होतं. घरात दुसरा दाता नसेल तर पुण्याच्या विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीत नाव, आणि तोवर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. आईला तर पुन्हा देता येणार नाही.

सगळ्याच अवयवांना हा नियम सारखा लागतो असं नाही. बुबुळाचा पारदर्शक पडदा बदलतात तेव्हा जन्मभर गोळ्या लागत नाहीत, बहुतेकदा थेंबांवर भागतं, कारण त्या पडद्यात रक्तवाहिन्याच नसतात आणि पांढऱ्या पेशी सहजी तिथं पोचत नाहीत. पहिलं यशस्वी नेत्रपटल प्रत्यारोपण १९०५ मध्येच झालं ते त्यामुळेच. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात तर गोष्ट उलटी होते. तिथं दळच नवं येतं, आणि ते नवं दळ रुग्णाच्या शरीराला परकं समजून त्रास देऊ शकतं. पण ते स्थिरावलं की कित्येकांच्या या गोळ्या पुढे बंद करता येतात. गावात कुणी ‘आमच्या पाहुण्याच्या गोळ्या बंद झाल्या’ म्हणालं, तर आधी विचारा, काय बदललं होतं. यकृताचे काही मोजके रुग्णही कमी औषधावर राहू शकतात. किडनी आणि त्याच दात्याची अस्थिमज्जा एकत्र देऊन गोळ्या थांबवण्याचे प्रयोग परदेशात झालेत आणि काहींच्या बाबतीत ते यशस्वीही झालेत. पण ते तयारी करून, रोज नजर ठेवून केलेले प्रयोग होते. घरी बसून गोळी अर्धी तोडणं म्हणजे तो प्रयोग नव्हे.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की आई आता मुलाकडे बघून म्हणते, ‘हा आता माझ्यासारखाच चिडतोय.’ हसू आलं, पण किडनीबरोबर स्वभाव येत नाही. गोळ्यांतल्या स्टेरॉइडमुळे चिडचिड, भूक आणि झोपेचे हाल मात्र होतात, तेही मात्रा कमी झाल्यावर बरेच निवळतात. माणसांच्या जगात परकं किती सुंदर रुजतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. उत्तरेतले अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि त्यांची गायकी इथल्या शिष्यपरंपरेतून महाराष्ट्राची झाली. पण तिथं राजाश्रय होता, शिकणारे गळे होते, रसिक होते. माणसाला परक्याला घरात घ्यायचं की नाही हे ठरवता येतं. पांढऱ्या पेशीला ठरवता येत नाही. ती मनाचं ऐकत नाही, प्रेमाचंही नाही.

आता भावाशी बोलायचं कसं. ‘गोळ्या कधी बंद?’ या प्रश्नामागं मला बहुतेकदा दुसरंच काहीतरी सापडतं. सगळ्यात वर पैसा. शस्त्रक्रियेच्या वेळी योजना, ट्रस्ट, भावकी, सगळे उभे राहतात. दीड वर्षानं औषधाच्या दुकानात माणूस एकटाच उभा असतो. तसं असेल तर गोळ्या कमी करण्याआधी आम्हाला सांगा. स्वस्त पर्याय असतात, काही संस्था औषधाला मदत करतात. फक्त दुकानदारानं परस्पर टॅक्रोलिमसची कंपनी बदलून दिली तर लगेच कळवा, कारण कंपनी बदलली की रक्तातली पातळी पुन्हा बघावी लागते. दुसरं कारण त्रासाचं. हात थरथरतात, चहाचा कप धरताना चारचौघांत लाज वाटते, जुलाब होतात, केस गळतात, साखर वाढते. हे त्रास खरे असतात. त्यावर मात्रा बदलून, गोळी बदलून बरंच काही करता येतं, पण सांगितलं तर. तिसरं लग्नाचं. स्थळं बघताना गोळ्यांचा डबा लपवावासा वाटतो. प्रत्यारोपणानंतर लग्न होतं, मुलंही होतात. मुलीला प्रत्यारोपण झालं असेल तर गरोदर राहण्याआधी काही महिने मायकोफिनोलेट ही याच प्रकारातली गोळी बदलावी लागते, म्हणून तिनं आधीच विचारायला हवं.

गोळ्या चालू असूनही त्या निकामी करणाऱ्या गोष्टी आपल्याकडे घरोघरी आहेत. कोविडपासून गुळवेलीचा काढा प्रत्येक स्वयंपाकघरात शिरला. तो प्रतिकारशक्ती वाढवतो असं सांगून दिला जातो. थोडा विचार करा. आम्ही जी शक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय तीच वाढवायची खटपट कशाला? गुळवेल नको, ‘किडनी साफ करणारी’ पावडरही नको. गणपतीत घरात पपनस येतं. ते भावाला देऊ नका, कारण त्यातल्या द्रव्यांमुळे टॅक्रोलिमस शरीरात साचतं, पातळी वाढते आणि किडनीलाच इजा होते. उलट क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं पातळी खाली पाडतात. पाठ दुखली म्हणून गावातल्या दवाखान्यातून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ नका. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य ‘माझं किडनी प्रत्यारोपण झालंय’ हेच असलं पाहिजे.

शेती सोडायची गरज नाही. पण रोप लागणीला उघड्या पायांनी चिखलात उतरणं त्यानं बंद करावं. आपल्या भागात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून चिखलपाण्यात पसरणाऱ्या तापाची, भीती खरी आहे, आणि काटा रुतलेल्या जागेतून बुरशी शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ मी बघितलीय. गमबूट, हातमोजे, आणि कुजकं शेणखत किंवा जुना भुसा हलवताना तोंडाला मास्क. जमलं तर ते काम दुसऱ्यावर सोपवावं. आणि गगनबावड्याला तुम्हाला सांगायला नको, पण जूनच्या आधी किमान महिन्याभराच्या गोळ्या घरात हव्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. तेव्हा कोल्हापुरात औषध आणणं किती अवघड झालं हे आम्ही बघितलंय.

एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, आमच्याकडे फोन करायचा. लपवायचं मात्र नाही. मी चिडत नाही, पातळी तपासून बघतो.

तुमच्या सगळ्या पत्रात आईच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. ती दाती आहे, म्हणजे आता तिच्याकडेही एकच किडनी आहे. वर्षातून एकदा तिचा रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. गुडघे दुखतात म्हणून ती दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणत असेल तर त्या थांबवा. बहुतेक दात्यांची तब्येत वर्षानुवर्षं उत्तम राहते, पण ती राहतेय हे कुणीतरी बघितलं पाहिजे.

तर येत्या आठवड्यात दोघांनाही तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. भावाची टॅक्रोलिमसची पातळी बघायची असल्यानं त्यानं सकाळची गोळी न घेता यायचं. ती खिशात ठेवायची, आधी रक्त द्यायचं, मग गोळी घ्यायची. आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली ती वेळ कागदावर लिहून आणा. आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या, फोडलेल्या आणि न फोडलेल्या, पिशवीत घालून सोबत घ्या.